शेवटचा गट

दोन बड्या देशांचं बिनसलं, समुद्रातली वाट बंद झाली आणि यंत्रांना लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपा यायच्या थांबल्या. सरकारने अशाच वेळेसाठी थोडा साठा गोदामात राखून ठेवला होता. तो आधी कुणाला द्यायचा, हे ठरवायचं लोढणं उपसचिवांच्या गळ्यात पडलं. इस्पितळं आणि वीज पहिल्या गटात, रेल्वे आणि बँका दुसऱ्या. लिफ्टचं नाव निघेपर्यंत बैठकीत सगळ्यांनी माना टाकल्या होत्या.

"लोक जिने चढतील की," उपसचिव साहेब म्हणाले. लिफ्ट खेळण्यांबरोबर शेवटच्या गटात गेली आणि सगळे एकदाचे घरी गेले.

पुढे त्यांच्या आईच्याच इमारतीतल्या लिफ्टचं चिप बसवलेलं कार्ड जळलं आणि लिफ्ट बंद पडली. आई सातव्या मजल्यावर, गुडघे कामातून गेलेले. आणि आता पलीकडच्या गल्लीत मावशी शेवटच्या घटका मोजत होती.

"एक सही कर ना," ताई फोनवर कडाडली. "नखाएवढी चिप, तुझ्याच गोदामात पडून आहे. आईला बहिणीचं तोंडही बघू देणार नाहीस?"

"पडून नाही गं. तीच चिप तान्ह्या बाळांच्या काचपेट्यांना लागते."

"मग तूच सांग आईला!" तिने फोन आपटला.

साहेबांनी पेन उघडलं, बराच वेळ तसंच धरलं आणि मिटलं. स्वतःचा राग आला, ताईचा आला, जहाजांचाही आला. मग अर्धी रजा टाकून ते निघाले.

लिफ्टवाल्याला हाताशी धरून त्यांनी आईला खुर्चीत बसवलं आणि दोघांनी खुर्ची उचलली. दोन मजल्यांतच साहेबांचा जीव मेटाकुटीला आला.

"जड झाले का रे?"

"नाही गं. तू हलू नकोस फक्त."

"फायलींशिवाय कधी काही उचललंयस का तू?"

लिफ्टवाला फिस्सकन हसला. साहेबही हसले असते, पण दम कुठे होता!

चौथ्या मजल्यावर त्यांनी खुर्ची टेकवली. आवाज ऐकून एक दार उघडलं. दारात वॉकर धरून एक आजोबा, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, चेहरा फुललेला.

"लिफ्ट सुरू झाली वाटतं?"

"रोज तयार होऊन बसतात," लिफ्टवाला साहेबांच्या कानाशी पुटपुटला. "मीच म्हणालो होतो, आजउद्या होईल."

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही हो," आईच म्हणाली. "माझा मुलगा आलाय न्यायला."

"असं होय. बरं, बरं. जा सावकाश."

आजोबा दारातल्या स्टुलावर बसले आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.