वाक्य एकदाच वाचा

सकाळी सव्वाअकराला कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. पडद्यावर वाक्य होतं, ‘आज आकाश ढगाळ आहे.’ अनाउन्सर ‘ढगाळ’पर्यंत पोहोचले होते. पुढे नुसता काळा पडदा, आणि त्यात हेडफोन लावलेला त्यांचाच चेहरा.

“गेला?” स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

“गेला,” ते म्हणाले. “गेला.”

सगळं दोनदा म्हणायची ही सवय बस स्टँडवरची. चौकशीच्या खिडकीमागे बसून त्यांनी उभी हयात गाड्या पुकारल्या. फलाट क्रमांक, गावाचं नाव, प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं, आणि लगेच तेच पुन्हा. लोक त्यांना आवाजाने ओळखत, चेहऱ्याने कोणीच नाही. दुकानात त्यांनी साखर मागितली की शेजारचं गिऱ्हाईक दचकून घड्याळ बघायचं. घरात चहासुद्धा ते दोनदा मागत. “आलं ऐकू,” बायको म्हणायची, “मी काय गाडी चुकलेली बाई आहे?”

आता घशात गाठ होती. उद्या सकाळी डॉक्टर स्वरयंत्र काढणार होते, आणि आज संध्याकाळी पाचच्या आत दाखल व्हायचं होतं. त्यानंतर आवाज नाही. दूर राहणाऱ्या लेकीने त्यावर एक प्रोग्राम शोधून काढला होता. माणसाने आधी ठरावीक वाक्यं वाचून ठेवायची. मग तो जे टाइप करील ते कॉम्प्युटर त्याच्याच आवाजात बोलणार. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला हे झेपत नव्हतं. म्हणून मेव्हण्याने सुटे भाग आणून हा नवा जोडला होता. मेव्हणा फ्रिज दुरुस्त करतो. कॉम्प्युटर त्याने आयुष्यात पहिल्यांदाच जोडला, तोही मोबाइलवर व्हिडिओ बघून.

पडद्यावर येणाऱ्या वाक्यांचं एक पान पूर्ण वाचून झालं तरच आवाज जतन होत असे. मशीन मध्येच गेलं की ते अख्खं पान पुन्हा पहिल्यापासून. मशीन टिकायचं नाही, आणि घसाही फार टिकेल असं दिसत नव्हतं. सकाळपासून आवाजाला खरखर सुटली होती. त्यात सवयीने ते प्रत्येक वाक्य दोनदा वाचत, आणि पडद्यावर लाल अक्षरं येत : वाक्य एकदाच वाचा.

“दाजी, एकदाच हो,” मेव्हणा जमिनीवर मांडी घालून म्हणाला. “इथे बस सुटत नाहीये.”

“तू तुझं मशीन बघ. मशीन बघ.”

मेव्हण्याने आधी सॉकेट बदललं. मग फ्रिजची पिन काढून तिथे लावून पाहिलं. मग मेमरीची पट्टी उपसून तिचे दात खोडरबराने घासले आणि फुंकर मारून परत बसवली. मशीन सुरू झालं, अनाउन्सरांनी पान पहिल्यापासून वाचायला घेतलं, आणि आकाश ढगाळ व्हायच्या आतच सगळं विझलं.

अनाउन्सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “राहू दे,” ते म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

“राहू दे कसं?” बायको दारात आली. हात ओले होते. “तुम्ही पाणी प्या. आणि तू रे, तुला येत नव्हतं तर घेतलंस कशाला अंगावर? फ्रिज आहे का तो?”

“ताई, डोकं नको खाऊस. पंखा आण आतला.”

पंखा आला. मेव्हण्याने मशीनची एक बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. तरी मशीन गेलंच. मग त्याने आत हात घातला आणि मधल्या मोठ्या कूलरवर तळवा ठेवला. तसाच ठेवून राहिला.

“काय झालं?”

“गार आहे.”

“बरंच आहे की मग!”

“बरं कसलं? खालची चिप तापली म्हणून मशीन जीव वाचवायला बंद होतंय. तिची गरमी ह्या कूलरने ओढून घ्यायला हवी. हा तर झोपलाय. फ्रिज आत गार होतो तेव्हा मागची जाळी तापते ना? इथे जाळी तापतच नाहीये.”

त्याने चार स्क्रू सोडवले. कूलर चिकटून बसला होता, तो हळूच पिळून सोडवला आणि उलटा केला. तांब्याच्या गुळगुळीत तळाला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा होता. चिपवर लावायचं राखाडी मलम त्या प्लास्टिकवरच फासलं गेलं होतं. कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, बसवण्यापूर्वी काढा.

ह्या घरात फ्रिजच्या दाराला कंपनीचं प्लास्टिक होतं. रिमोट पिशवीत होता. सोफ्याच्या पायांना अजून दुकानातलं वेष्टण होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळाची काच पापुद्र्यामुळे धुरकट दिसायची. नवीन वस्तूला ओरखडा पडू नये, एवढंच बायकोचं म्हणणं असे.

“परवा तूच म्हणालीस, ताई,” मेव्हणा खालच्या आवाजात म्हणाला. “मी सोलायला घेतलं होतं. तू म्हणालीस, कशाला काढतोस, राहू दे, चांगलं राहील. मला वाटलं, असेल बाबा. आधीच पहिल्यांदा जोडतोय, कशाला वाद.”

“मला काय माहीत ते कशाचं होतं?”

“मला तरी कुठे माहीत होतं?”

बायको पदराला हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते. मग अनाउन्सर हसले. हसताना घशातून फुटक्या भोंग्यासारखा आवाज आला आणि खोकल्याची उबळ आली. खोकला थांबल्यावर त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं, मग घड्याळाकडे, मग स्वतःच्या घशाकडे. हिने हेही गुंडाळून ठेवायला हवं होतं, असं काहीतरी त्यांना म्हणायचं होतं. तिला ते कळलं असावं, कारण ती आत निघून गेली आणि आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

मेव्हण्याने पापुद्रा सोलला, तळ पुसला, नळीत उरलेलं मलम लावून कूलर बसवला. दुपारी एकच्या सुमाराला मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. आकाश ढगाळ झालं. पुढची पानं आली. बाजारात आज गर्दी होती, पाहुणे उशिरा पोहोचले, मांजर भिंतीवर चढली. अनाउन्सर प्रत्येक वाक्य एकदाच वाचत होते. दुसऱ्यांदा वाचायचं बळच नव्हतं. दोन पानांच्या मध्ये ते डोळे मिटून बसत, आणि मेव्हणा कूलरला हात लावून “तापतोय, तापतोय” म्हणत असे.

शेवटच्या पानावर जागा मोकळी होती. तिथे स्वतःच्या मनातलं वाक्य म्हणायचं होतं.

“काहीही म्हणा, दाजी. गाडी पुकारा.”

त्यांनी मान हलवली. माइक जवळ ओढला आणि म्हणाले, “अगं.”

पडद्यावर लाल अक्षरं आली : वाक्य फार लहान आहे.

मेव्हणा टेबलफॅनची दिशा बदलू लागला. अनाउन्सरांनी घोटभर पाणी घेतलं आणि रोज ड्यूटीवरून आल्यावर चपला काढताना जे म्हणायचे ते म्हणाले.

“अगं, मी आलोय. दार लावून घे.”

ह्या वेळी हिरवी खूण आली.

“काय म्हणालात?” बायको आतून लगबगीने आली. “मला नीट ऐकू नाही आलं. पुन्हा म्हणा की.”

त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

पडद्यावर एक पट्टी सरकायला लागली होती. आवाज तयार होत आहे, मशीन बंद करू नका. पट्टीचा टोकाचा कोपरा तेवढा निळा झाला होता. खाली टॅक्सी आली. बायकोने पिशवी उचलली, दोघं निघाले. मेव्हणा मशीनजवळच बसून राहिला.

संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर बायकोने वॉर्डातून फोन लावला. अनाउन्सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. मनगटाला पट्टा बांधून झाला होता, बोलायचं नाही असं नर्स बजावून गेली होती. फोनमधून टेबलफॅनची घरघर येत होती.

“निम्म्यावर आलीये पट्टी,” मेव्हणा म्हणाला. “चालू आहे अजून.”

“हात लावून बघ.”

थोडा वेळ नुसती घरघर.

“गरम आहे, ताई. चांगला गरम आहे.”

तिने फोन छातीशी धरला आणि नवऱ्याकडे वळली.

“गरम आहे,” ती म्हणाली. “गरम आहे.”