ग्लॅडिसची राखण

ससा हा काय एकटा मोकळा सोडायचा प्राणी आहे का? तुम्हीच सांगा. वसंत सुरू झाल्यापासून मी शेजारच्या कथबर्टला हेच ओरडून सांगत होते. त्याच्या आणि माझ्या परसाच्या मधलं कुंपण जेमतेम गुडघ्याएवढं, त्यालाही खाली भगदाड. आणि ह्या म्हाताऱ्याची ग्लॅडिस, राखाडी, पोटानं जमीन सारवत चालणारी सशीण, रोज सकाळी त्या भगदाडातून माझ्याकडं हजर.

"कथबर्ट! आली बघ तुझी महाराणी!"

"येऊ दे की. चहा पाज तिला."

"चहा? मी तिला भांड्यात घालीन हं एक दिवस, गाजरांबरोबर!"

"मग मलाही बोलाव, मर्टल," म्हणायचा, आणि खुशाल आत निघून जायचा. असा संताप यायचा माझा!

नुसतं गवत असतं तर मी चकार शब्द काढला नसता. पण माझ्याकडं लीकचा वाफा. बाहेरच्यांना लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा दांडगा भाऊ, सूपमध्ये टाकायचा. आमच्या थॉर्नीबर्न गावात कोळशाच्या खाणी बंद पडून जमाना झाला, तरी माणसाची किंमत अजून त्याच्या लीकच्या घेरावरच होते. सप्टेंबरात लीकवाल्यांच्या क्लबात प्रदर्शन. बाकावर दोन लीक मांडायच्या, जुळ्या बहिणींसारख्या, कुठं एक ओरखडा चालायचा नाही. माझा क्लिफर्ड जन्मभर त्या वाफ्यात वाकून राहिला. मेंढ्यांच्या लेंड्या, धुराड्यातली काजळी, काळी बिअर, काय काय पाजलं त्यानं त्या मातीला. मला कधी इतकं पाजलं नाही.

आदल्या हिवाळ्यात तो गेला. रोपं मागं राहिली, खिडकीत, दह्याच्या रिकाम्या डब्यांत.

क्लबाचा सेक्रेटरी नेव्हिल मातीला आला होता. हातात सँडविच, तोंडात सँडविच, आणि मला म्हणतो, "मर्टल, रोपं मला दे. तुझ्याच्यानं व्हायचं नाही ते. ऑगस्टात सूप करून बसशील." नवऱ्याला पुरून तास झाला नाही आणि ह्याचा डोळा रोपांवर! तेव्हाच मी ठरवलं, क्लबातल्या त्या बाकावर क्लिफर्डच्या लीक मांडल्याशिवाय मी राहायची नाही. दुसरं काही नकोच होतं मला त्या वर्षी.

आणि त्यात ही ग्लॅडिस. लीक खायची नाही हं ती, वास घेऊन नाक मुरडायची. पण उकरायची! क्लिफर्डनं पोसलेली ती लोण्यासारखी माती दिसली की मागचे पाय ताणून नुसती धुळवड. एक नख लीकला लागलं की संपलं सगळं.

म्हणून मी राखण सुरू केली. तोपर्यंत महिना महिना मी पडदेसुद्धा उघडत नव्हते, खोटं कशाला बोलू. आता ह्या मेलीपायी सकाळ झाली की उलट्या बादलीवर मी, मांडीवर विणकाम, हाताशी झाडू. ती वाफ्याकडं वळली की "ए भवाने!" करून ओरडायचं. ती कान पाडायची, जरा लांब जाऊन पिवळी रानफुलं खायची, आणि माझा टाका चुकला की परत वळायची. मी मोजे विणायला घेतले होते. त्यांची लांबी पुढं कुठवर गेली ते विचारू नका.

"अरे, ससाणा उचलून नेईल तिला," मी कुंपणावरून सांगायची. "कोल्हा आहे, मांजरं आहेत. घराघरात शिकारी कुत्रे पाळलेत लोकांनी. पिंजरा कर की एक."

एरवी थट्टा करणारा कथबर्ट पिंजरा म्हटलं की विषय बदलायचा. एकदा मात्र बोलला. "पोरगा असताना मी खाणीत तट्टं हाकायचो, मर्टल. कोळशाच्या गाड्या ओढणारी. वर्षभर खाली, अंधारात. फक्त सुट्टीत वर आणायचे. गवत दिसलं की अशी लोळायची, अशी उधळायची, की धरायला माणसं पुरायची नाहीत. आणि सुट्टी संपली की ती धरून परत खाली न्यायचं काम माझ्याकडं. त्या वेळीच ठरवलं, ह्यापुढं कुठल्याही जनावरावर दार लावायचं नाही."

त्या तट्टांचं खरंच वाईट वाटलं मला. पण माझ्या लीकचं काय?

शेवटी मी क्लबाच्या सभेत ठराव मांडला. पाळीव ससा राखणीशिवाय मोकळा सोडायचा नाही. नेव्हिलनं लगेच अनुमोदन दिलं. माझ्यावरच्या प्रेमानं नव्हे, त्याचा वाफाही चार घरं सोडूनच आहे. हात वर झाले, आणि सगळ्यांत आधी कोणाचा? कथबर्टचा! मला वाटलं, बरं झालं, म्हातारा ताळ्यावर आला.

दुसऱ्या दिवशी बघते तर भगदाडातून दोन कान वर.

"कथबर्ट! काल हात वर केलास ना रे, लबाडा?"

"केला की. राखणीशिवाय सोडायचा नाही. मग सोडला कुठं?"

"राखण कुठाय?"

"तू काय करतेयस तिथं बसून?"

"मी लीक राखतेय!"

"कोणापासून?"

"ह्या तुझ्या ग्लॅडिसपासून!"

"मग तेच की," म्हणाला आणि गेला आत चहा टाकायला. नाकावर टिच्चून मला बिनपगारी चाकरीला लावलं होतं माणसानं.

प्रदर्शनाच्या आधी क्लबाचा माणूस येऊन लीकच्या पानावर शिक्का मारतो, ऐन वेळी कोणी दुसऱ्याची आणून मांडू नये म्हणून. नेव्हिल आला तो आपला कुत्रा बुलेट घेऊन. शिडशिडीत, लांब तंगड्यांचा, शर्यतीत पळणारा. मी माझी जोडी दाखवली. बाकीच्या किरकोळ होत्या, पण ह्या दोघी! नेव्हिलनं टेप लावला, मग परत लावला. चेहरा असा उतरला त्याचा की क्लिफर्ड असता तर नाचला असता.

"बऱ्या आहेत," म्हणाला. दात ओठ खात दोन्हींवर शिक्के मारले. आणि शिक्का मारायला दोन्ही हात लागतात म्हणून कुत्र्याची दोरी सोडली होती.

सगळं डोळ्यांदेखत झालं. ग्लॅडिस रानफुलं खात होती. बुलेट सुटला. ती भगदाडाकडं पळाली, त्यानं वाट अडवली. ती मागं फिरली आणि कोळशाच्या खोपटाच्या कोपऱ्यात अडकली, अंग आवळून, डोळे फाडून. नेव्हिल नुसता शिट्ट्या मारतोय. झाडू पार तिकडं बादलीपाशी. मी वाकले, हाताला लागलं ते धरलं, उपटलं आणि धावले. कशी उपटली देव जाणे, ती लीक पुरुषमाणसाच्यानं हलत नाही. मुळं, माती सगळ्यासकट बुलेटच्या ढुंगणावर अशी हाणली की तो केकाटत रस्त्यावर.

लीकचे दोन तुकडे. एकावर शिक्का, शाई ओली.

"मर्टल," नेव्हिल म्हणाला, "ही तर जोडीतली होती गं."

"दिसतंय मला!" मी ओरडले, आणि तिथंच मातीत बसून रडले. एकटी लीक बाकावर मांडता येत नाही. क्लिफर्डची जागा त्या वर्षी रिकामी गेली आणि पहिलं बक्षीस नेव्हिलनं नेलं. माझ्याकडं बघायची मात्र हिंमत झाली नाही त्याची.

उरलेली बियाण्याला ठेवली. तुकड्यांचं सूप केलं, नेव्हिल म्हणाला होता तसं. कथबर्टला वाडगाभर दिलं. खाली मान घालून प्यायला, एक थट्टा नाही. मग दिवसभर त्याच्या परसातून हातोड्याचा आवाज.

प्रदर्शनानंतरच्या सकाळी मी सवयीनं बादलीवर येऊन बसले. विणकाम काढलं. भगदाडातून काही आलं नाही. थोडा वेळ बघितलं. मग उठून कुंपणाशी गेले. तिकडं नवा कोरा पिंजरा, दाराला कडी, जाळीला नाक लावून ग्लॅडिस, आणि तिच्याकडं पाठ करून बसलेला कथबर्ट.

"हे काय रे?"

"तुझंच बरोबर होतं, मर्टल. राखणीशिवाय सोडायचा नाही. ठरावच आहे."

"ठराव मला शिकवतोस? मी मांडलाय तो!" मी परत येऊन बादलीवर बसले, झाडू जवळ ओढला, आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "काढ ती कडी! मग मी इथं काय माशा मारत बसलेय?"