बकलाकडची भोकं

दाराआडच्या खुंटीला लटकलेला मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे, मित्रांनो. माझ्या अंगाला भोकंच भोकं आहेत. हसू नका, ती उगाच पडलेली नाहीत.

माझा मालक कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी. चव बघायची म्हणून तो वाटीभर खायचा, आणि टाकवत नाही म्हणून उरलंसुरलंही पोटात ढकलायचा. मी अपुरा पडलो की शेगडीवर खिळा तापवून माझ्या टोकाकडे नवं भोक पाडायचा. "आचारी म्हणजे असा भरलेला हवा!" असं म्हणत कामगार त्याच्या पोटावर थाप मारत. मलाही तेव्हा भारी ऐट वाटे.

मग त्याच्या ताईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. त्याचं मूत्रपिंड तिला चालणार होतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या वजनावर तुमचं ऑपरेशन होणार नाही. आधी वजन उतरवा, आणि लवकर उतरवा."

भाबडाच तो. त्याने जेवणच सोडलं, शेगडीपुढे भोवळ येऊन पडला आणि शुद्धीवर आल्यावर अधाशासारखा जेवला. डॉक्टरीणबाई रागावल्या. "उपाशी राहायला कोणी सांगितलं? वेळेवर जेवा, भाज्या वाढवा, गोड आणि तळलेलं बंद. आणि रोज चाला." तेव्हापासून तो चमच्याच्या टोकाने चव घेऊन चूळ भरू लागला. तळणीचा वास आला की पोटात कावळे ओरडत. तो मला मुठीत घट्ट धरून उभा राही.

खिळा पुन्हा तापला. या वेळी भोक बकलाकडे पडलं, आणि तो नाचतच ताईकडे गेला.

ताई गोडाचा डबा घेऊन बसली होती. "भोपळ्या, किती रे वाळलास! माझ्यासमोर एवढं खा." तिला नाही म्हणणं त्याला जमेना. डबा रोजचाच झाला. मी पुन्हा मागच्या भोकात गेलो.

एका दुपारी त्याने डबा बाजूला सारला. "ताई, मुद्दाम करतेस ना?"

तिला रडू आवरेना. "माझ्यासाठी तुला कापणार, या विचाराने जीव जातो रे माझा. तुझी पोरं लहान आहेत."

"आणि तू गेलीस तर मला भोपळ्या कोण म्हणणार?"

तिने डबा बंद केला. त्या दिवसापासून तो तिच्याच घरी, तिच्यासारखंच आळणी जेवू लागला. माझी भोकं बकलाकडे सरकत गेली. अखेर डॉक्टरीणबाईंनी होकार दिला आणि तारीख ठरली. पण तारखेआधीच ताईला ताप आला. तो उतरलाच नाही. ती गेली, तेव्हा मी सगळ्यांत आतल्या भोकात बसलो होतो.

"आता कोणासाठी मन मारतोस? खा बाबा," नातेवाईक म्हणाले.

"ताईबरोबर बसून लागलेली सवय आहे," तो म्हणाला. "तिचं तेवढंच राहिलंय माझ्याकडे."

आता मी त्याला फार लांब पडतो, म्हणून खुंटीवर असतो. कधी खाण्याची फार इच्छा झाली की तो येऊन माझ्यावरून बोट फिरवतो. डब्याच्या दिवसांत मी ज्या भोकात परत गेलो, तिथे त्याचं बोट थांबतं. त्याला तिचा राग येत नाही, नुसतं रडू येतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी ताट बाजूला सारून पाणी पीत असेल, तर मायेपोटीही त्याला आग्रह करू नका. त्याच्या ताटात आहे तेच आपल्या ताटात वाढून घ्या आणि शेजारी बसा. ताई बसली होती, पण तोवर फार दिवस निघून गेले होते.