ठराव क्रमांक सात

रेव्हरंड प्रेमदास इंगळे नागपूरहून तीन दिवसांचं शिबिर करून परतले तेव्हा त्यांच्याजवळ एक निळी फाइल होती. 'नेतृत्वांतरासाठी मंडळीची तयारी' असं तिच्यावर छापलेलं होतं. शिबिरात पंचवीस पाळक होते, सगळे निवृत्तीला आलेले, त्यामुळे दुपारच्या सत्रात बरेचसे झोपत. इंगळे झोपले नाहीत. चांगला पाळक गेल्यावर मंडळीला काही फरक पडू नये, असं एका वक्त्यानं सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं, खाली दोनदा रेघ ओढली आणि पुलगावला येऊन कामाला लागले.

पुलगावची मंडळी म्हणजे एकोणीस कुटुंबं. रेल्वेलाइनच्या अलीकडे कौलारू चर्च, शेजारी पाळकगृह, मध्ये तीस पावलं आणि एक सीताफळाचं झाड. ही तीस पावलं इंगळे अठ्ठावीस वर्षं चालत आले होते. येत्या मे महिन्यात त्यांना पासष्ट पूर्ण होणार होती. मग पाळकगृहात नवा पाळक येणार होता.

तयारीचा मुख्य भाग म्हणजे 'पाळकाविना रविवार'. महिन्यातून एका रविवारी इंगळ्यांनी घरीच बसायचं आणि मंडळीनं आपली उपासना आपण चालवायची. पहिल्या खेपेला दानार्पण घ्यायचं राहिलं आणि शेवटचा आशीर्वाद दोघांनी दोनदा दिला. इंगळे खिडकीशी बसून ऐकत होते. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण दुपारी ते दोन पोळ्या जास्तच जेवले.

चौथ्या खेपेला सगळं सुरळीत पार पडलं. संध्याकाळी मंडळीचे सेक्रेटरी बंडूजी लेखी अहवाल घेऊन आले. बंडूजींची उभी नोकरी दारूगोळ्याच्या डेपोत गेलेली. तिथे नियम पाळायची सवय माणसाला आपोआप लागते, आणि निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी बंडूजींची ती सुटली नव्हती. अहवालात लिहिलं होतं: 'उपासना वेळेत सुरू. अकरा मिनिटे आधी समाप्त. पाळकांची गैरहजेरी कोणासही जाणवली नाही. हेतू सफल.'

"साहेब, खुश ना?" बंडूजींनी विचारलं.

"फार," इंगळे म्हणाले. अहवाल त्यांनी तीनदा वाचला आणि फाइलीत लावला.

इंगळ्यांची स्वतःची एक इच्छा होती. फाइलीत तिच्यासाठी रकाना नव्हता. त्यांना पुलगावातच राहायचं होतं. लाइनीपलीकडे दोन खोल्या त्यांनी बघून ठेवल्या होत्या. मुलगी रुचिका बहरीनला नर्स होती, ती दर शुक्रवारी फोन करून "बाबा, जेवलात का?" विचारत असे. बायको शकुंतलाबाई सहा वर्षांपूर्वी गेली, ती इथल्याच कब्रस्तानात होती. आणि ओळखीचं म्हणावं असं जगात जे काही होतं, ते ह्या एकोणीस घरांत होतं. रविवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ह्या लोकांचे चेहरे पाहिले होते. मागून ही माणसं कशी दिसतात हे त्यांना माहीत नव्हतं.

आडवा येत होता ठराव क्रमांक सात. तो इंगळ्यांनीच लिहिला होता.

इंगळे छत्तिसाव्या वर्षी इथे आले तेव्हा आधीचे पाळक, रेव्हरंड याकोब बनसोड, निवृत्त होऊन चर्चच्या मागेच खोली घेऊन राहिले होते. दर रविवारी ते तिसऱ्या बाकावर बसत आणि इंगळ्यांच्या संदेशात, म्हणजे प्रवचनात, चूक झाली की खोकत. काही रविवारी इंगळ्यांना वाटे, म्हाताऱ्याला क्षय झाला आहे. लग्न ठरलं की लोक आधी बनसोडांना सांगत, मग इंगळ्यांना कळवत. वर्षभर हे सोसून इंगळ्यांनी एक ठराव मांडला. भाषा त्यांची चांगली होती. 'निवृत्त पाळकाने पुलगावच्या हद्दीत वास्तव्य करू नये, तसेच पाच वर्षे मंडळीच्या उपासनेत बसू नये.' बनसोडांनी स्वतः अनुमोदन दिलं, ट्रंक भरली आणि जवळच्या रोहणा गावी पुतण्याकडे राहायला गेले.

पाच वर्षं संपल्यावरही ते चर्चला आले नाहीत. म्हातारा मनात ठेवून आहे, असा इंगळ्यांनी अर्थ काढला. एका रविवारी उपासनेआधी मेहुणीला गाडीत बसवायला इंगळे स्टेशनवर गेले होते, तर दोन नंबरच्या फलाटावर बाकावर बनसोड एकटेच बसलेले. इंगळे वळून वेळापत्रक वाचू लागले. भुसावळपर्यंतच्या सगळ्या गाड्या त्यांनी वाचल्या. पुढे बनसोड वारले तेव्हा अंत्यविधी इंगळ्यांनीच केला, आणि मयताच्या शिस्तीबद्दल चार चांगले शब्द बोलले.

एप्रिलमध्ये पंचांची सभा झाली. इंगळ्यांनी विषयपत्रिकेत नववा विषय स्वतःच घातला होता: निवृत्त पाळकाचा निवास. ठराव रद्द करा असं कोणीतरी म्हणेल, अशी त्यांची अपेक्षा होती. स्वतः म्हणणं बरं दिसलं नसतं.

बंडूजींनी चष्मा पुसून ठराव वाचला. "मांडणार, रेव्हरंड इंगळे," हे त्यांनी अभिमानानं वाचलं.

"फार जुना आहे हो तो," इंगळे म्हणाले.

"जुना असला तरी पक्का आहे साहेब. एक शब्द हलवाले जागा नाई."

"साहेबाईनं तेव्हा किती दूरचं पाह्यलं, पहा," शाळामास्तर हेमराज म्हणाले. ते पंचांत सगळ्यांत तरुण होते, पंचावन्न वर्षांचे.

"त्या वेळची परिस्थिती वेगळी होती," इंगळे म्हणाले.

"काऊन वेगळी?" कमलाबाईंनी विचारलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कमलाबाई पंचांतल्या एकट्या बाई. "तवाबी एक म्हातारा पाळक होता अन् एक नवा पाळक होता."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर इंगळ्यांना उत्तर देता आलं असतं.

"मंडळीला वाटलं तर मंडळी कुठलाही ठराव बदलू शकते," ते शेवटी म्हणाले. "मी आपलं सांगून ठेवतो. मंडळी सर्वोच्च आहे." पदर पसरायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या हिशेबानं हा पदरच होता.

बंडूजी सगळ्यांकडे बघून हळूच हसले. "साहेब आपली परीक्षा घेऊन राह्यले बरं का. सहा महिने शिकवलं, माणसात अडकू नका, माणसात अडकू नका. आता शेवटच्या पेपरात नापास होता का?"

सगळे हसले. न हसणारा एकटा पडला असता म्हणून इंगळेही हसले. ठराव एकमतानं कायम झाला.

"अन् साहेब, काळजी नका करू," बंडूजी म्हणाले. "तुमची सोय पाहून ठेवली. रोहण्याले बनसोड साहेबाची खोली रिकामीच आहे."

निरोप समारंभ भरगच्च झाला. शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि एक मोठी सुटकेस दिली. सुटकेस देण्यामागे कोणाचाही वाईट हेतू नव्हता. नवे पाळक रेव्हरंड धीरज गिटार घेऊन आले होते. चौतीस वर्षांचा नम्र माणूस. "सर, हे घर तुमचंच आहे, कधीही या," ते म्हणाले. बंडूजी त्यांच्या कानाशी लागले. धीरज जरा गोंधळले आणि म्हणाले, "पाच वर्षांनंतर कधीही या, सर."

रोहण्याची खोली दहा बाय बाराची होती. एक खाट, एक खुंटी, खिडकीसमोर नांगरलेलं वावर. बनसोडांचा पुतण्या आता नव्हता, त्याची बायको मंदाबाई घर चालवत होती. तिनं पहिल्याच शनिवारी विचारलं, "उद्या पुलगावले जायचं असंन ना? बनसोड बाबा दर रविवारी जात. डबा करून देऊ?"

"नाही," इंगळे म्हणाले. "मी जाणार नाही."

आर्वीच्या मंडळीत जाऊन बसता आलं असतं. तिथे त्यांना कोणी अडवलं नसतं आणि कोणी ओळखलंही नसतं. त्यांनी खोलीतच उपासना घेतली. गाणं म्हटलं, शास्त्रपाठ वाचला, वीस मिनिटांचा संदेश दिला. दानार्पण घेतलं नाही. मध्येच मंदाबाई दाराशी येऊन, कोणाशी बोलून राह्यले, म्हणून बघून गेली. दुसऱ्या रविवारी त्यांनी संदेश दहा मिनिटांवर आणला. बुधवारी लक्षात आलं की सोमवारपासून आपण मंदाबाईला 'हो' आणि 'पुरे' ह्यापलीकडे काही बोललेलो नाही. तिसऱ्या शनिवारी त्यांनी विचारलं, "ती सकाळची पुलगावची गाडी किती वाजता?"

मंदाबाईनं काही न विचारता पीठ मळायला घेतलं.

एस.टी.नं ते पुलगावला उतरले. हद्दीत राहायचं नव्हतं आणि उपासनेत बसायचं नव्हतं. स्टेशनबद्दल ठरावात काही नव्हतं. दोन नंबरच्या फलाटावरचं ते बाक अजून तिथेच होतं. चर्चची घंटा झाली ती चार मिनिटं उशिरा. इंगळ्यांनी घड्याळ बघितलं आणि त्यांना खोकला आला.

दोन तास गेले. कोणी ओळखीचं दिसलं तर काय सांगायचं, ते त्यांनी ठरवून ठेवलं: पाहुण्याला घ्यायला आलो. मग पुलाच्या पायऱ्या एकेक करत कमलाबाई उतरल्या. हातात पिशवी, काखेत गीतांचं पुस्तक. इंगळ्यांनी वेळापत्रकाकडे तोंड फिरवलं. पण वेळापत्रक आता तिथे नव्हतं. नुसती भिंत होती.

"आले का साहेब?" कमलाबाई बाकावर टेकत म्हणाल्या. "तिसऱ्या रविवारपर्यंत येतीन म्हटलंच होतं. बनसोड साहेब दुसऱ्याच रविवारी आलते."

"तुम्हाला ठाऊक होतं? ते इथे येत ते?"

"बाप्पा! साऱ्या मंडळीले ठाऊक होतं. बाराच्या पॅसेंजरनं जाणारी सात घरं होती तवा. चर्च सुटलं का सारे इथं. कोणाचं लेकरू बीमार, कोणाचं लग्न अडलेलं, सारं ह्या बाकावर. मग साहेब आशीर्वाद देत, अन् मग गाडी ये."

"आणि ठराव?"

"ठरावात काय होतं? उपासनेत बसू नये. बाकावर बसू नये असं होतं का?"

"बंडूजींना माहीत होतं हे?"

"त्यायनंच तर शोधून काढलं. नियमाचा माणूस. नियम पुरा वाचला त्यायनं."

"मला कोणी बोललं नाही," इंगळे म्हणाले. "इतक्या वर्षांत."

"तुमाले काऊन सांगाव? तुमाले वाईट वाटलं असतं."

पुलावर पावलं वाजली. इंगळ्यांनी मान वर केली. कोणी दोन सैनिक ट्रंक घेऊन उतरत होते.

"बाकीचे यायचेत का अजून?" त्यांनी विचारलं.

"आता कोण येते साहेब. ती पॅसेंजर आता ह्या टाइमाले नाई. अन् सगळ्यायजवळ मोटारसायकली झाल्या. माझं घर पलीकडं, म्हणून मले पूल चढावा लागते." कमलाबाईंनी गुडघा चोळला. "बंडूजीले म्हटलं मी, साहेब येतीन. तर म्हणे, नाई, इंगळे साहेब तत्त्वाचा माणूस. रोहण्यातून हलणार नाई."

"संदेश कसा होता आज?"

"चांगला होता."

"कशावर?"

"ते नाई ध्यानात. पण लहान होता."

इंगळ्यांनी डबा उघडून पुढे केला. कमलाबाईंनी अर्धी पोळी घेतली, लोणचं घेतलं, आणि मंदाबाईच्या हाताला मीठ कमी आहे म्हणाल्या. मग हात पुसून, पदर डोक्यावर घेऊन त्या नीट बसल्या.

"बरं, द्या आता."

"काय?"

"आशीर्वाद. धीरज साहेब गिटार ठेवता ठेवता देते, मले ऐकू नाई येत. अन् बनसोड साहेब उभं राहून देत, साहेब."

इंगळे उठले. फलाटावरचे सैनिक बघत होते. त्यांनी उजवा हात वर केला आणि सुरुवात केली, तेवढ्यात मधल्या लाइनीवरून मालगाडी आली. ती लांब होती. त्यांनी आवाज चढवला, मग चढवायचा सोडला आणि पुढचं सगळं नेहमीच्या सुरात म्हणत गेले. त्यांचं त्यांनाही ऐकू येत नव्हतं. कमलाबाईंचे डोळे मिटलेले होते.

शेवटचा शब्द झाला तेव्हा गाडीचे निम्मे डबे अजून जायचे होते. कमलाबाईंचे ओठ हलले. आमेन त्यांनी बरोबर जागी म्हटलं.