प्रांजलीच्या शेडमधला लाल दोरा

"काका, जालन्यातून तुम्हाला काढून दिलं का, म्हणून परत आलात?"

संध्या आणि राजनंदिनीनं पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. मी विचारलं. हल्ली मी कुणालाच घाबरत नाही. शिवाय प्रांजलीचं नाक खाली आलेलं मला बघायचंच होतं. तिचे वडील, अंगदकाका, जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत सहा वर्षं काढून मागच्या साली इथं गावी, धावड्याला परतले. आता त्यांच्या दारात नवी स्कूटी आहे आणि आमच्या नववीत पहिला नंबर प्रांजलीचा. तो आधी माझा होता.

आमचं उलटं. दिवाळीनंतर आम्हीच जालन्याला निघालोय. पप्पांना लोखंडाच्या मिलमध्ये काम, आईला कुणाकडे तरी धुणंभांडी आणि राहायला काकांनी सोडलेलीच खोली. वर्गात मी हे ऐटीत तीनदा सांगून झालंय. धुणंभांडी सोडून.

काका त्यांच्या मिरचीच्या शेडनेटमध्ये उभे होते, शेजारी प्रांजली. चिडले नाहीत. "कुणी काढलं न्हाई, तृप्ते. पगार बराबर होता, पण अर्धा भाड्यात अन् खर्च्यात जायचा. दुसऱ्याचं बियाणं निवडून राह्यल्तो, मंग म्हटलं आपल्याच रानात पिकवू."

"अन् तू आमच्या खोलीत चाललीस ना?" प्रांजली म्हणाली. "खिडकी उघडू नको. काळी धूळ येती. धुतलेले कपडे दोरीवरच मळतात."

मागं दोघी खुसखुसल्या. खुसखुसणाऱ्या माझ्याच मैत्रिणी.

मान वळवली तर समोर आई. ती इथं रोजानं येते हे माहीत होतं, पण काम करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. संकरित बियाण्यासाठी चिमट्यानं कळी उघडायची, पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि खूण म्हणून लाल दोरा बांधायचा. बाकीच्या बाया एका कळीशी झटत होत्या, तोवर आईच्या तीन झाल्या.

"असा हात अख्ख्या गावात न्हाई," काका म्हणाले. "तिनं दोरा बांधला की ती मिरची धरलीच समज. तुम्ही गेल्यावर माझं कसं व्हायचं?"

मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटली ती निव्वळ जळजळ. हात माझ्या आईचा आणि स्कूटी प्रांजलीच्या दारात. आणि तोच हात आम्ही जालन्याला नेणार, लोकांची ताटं घासायला.

संध्याकाळी आईबरोबर घरी आले तर पप्पा माळ्यावरून पत्र्याची पेटी काढत होते.

"पप्पा, पेटी वर ठेवा."

"का गं?"

"मी जालन्याला येत न्हाई. आईपण न्हाई. विहिरीजवळच्या आपल्या तुकड्यात आपलं शेड टाकायचं. प्रांजलीच्यापेक्षा एक ओळ जास्त."

आई पदरात हसली. पप्पांनी पेटी हातातच धरली होती. "अन् शेडला पैसा कुठून आणू?"

"एक साल तुम्ही एकटे मिलमध्ये जा," मी म्हणाले. "तोवर आई मला दोरा बांधायला शिकवती. अन् तिथं खिडकी उघडू नका."