काकूंची 'मेलेली' माती

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर मृदासिद्ध उभे होते. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलं होतं. समोर माझ्या काकूंच्या रोपवाटिकेतली माती आणि सिद्धांची विक्रीची 'जागृत माती'.

"आधी अग्निशुद्धी!" म्हणत त्यांनी काकूंची माती तव्यावर खरपूस भाजली. मग दोन्ही माती वेगवेगळ्या बाटल्यांत भरून त्यांवर 'संजीवनजल' ओतलं, बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या आणि तासभर आमचे कान किटवले. शेवटी दोन्हींत 'दिव्य थेंब' टाकून पाणी गाळलं. त्यांचं पाणी पिवळंजर्द. काकूंचं ढिम्म.

"माई, तुमची माती मेली. उपसून टाका, आमची भरा!"

काकूंनी हातातली मातीची पिशवी खाली ठेवली. काकांनी हयातभर पालापाचोळा कुजवून ती माती तयार केली होती, आणि काका गेल्यापासून काकू तिच्यातच रमत होत्या. "उद्याच मजूर बोलावते," त्या डोळे पुसत म्हणाल्या. माझं डोकं सणकलं.

शेजारी बसलेली वहिनी मात्र खुदकन हसली. ती माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. "भाऊजी, हे संजीवनजल आमच्या कपाटात असतं," म्हणत ती काकूंच्या पिशवीत उरलेली माती घेऊन थेट मंचावर चढली.

"महाराज, आता तुमची भाजू. काकूंची कच्चीच राहू दे."

"जागृत मातीला शुद्धीची गरज नाही!"

"नसेल, पण त्रास तर होणार नाही ना?"

"भाजा, भाजा!" लोकांनी एकच गिल्ला केला.

पुन्हा तासभर प्रवचन झालं, पण या खेपेला आवाज बसलेला होता. थेंब पडले. काकूंचं पाणी पिवळंधमक! सिद्धांचं ढिम्म.

"मातीतले जिवाणू आणि मुळं एन्झाइम सोडतात," वहिनी म्हणाली. "मातीत अडकलेलं फॉस्फरस ते झाडांसाठी मोकळं करतं. या संजीवनजलातलं रसायनही ते तसंच तोडतं. तुटलेला भाग अल्कलीच्या, म्हणजे या 'दिव्य' थेंबांनी पिवळा दिसतो. जितका रंग गडद, तितकं एन्झाइम कामसू. आम्ही रोज हेच मोजतो. पण माती भाजली की एन्झाइम संपलं. काकू, यानं मारली ती तव्यावरची मूठभर माती. बागेतली ठणठणीत आहे."

काकूंनी बाटली छातीशी धरली. "म्हणजे आमच्या यांची माती जितीजागती आहे!" त्या रडता रडता हसल्या. मृदासिद्ध एव्हाना मागच्या दारानं पसार झाले होते, तवा तिथंच टाकून.

मंडळी, चमत्कार पाहून टाळ्या खुशाल वाजवा. फक्त त्याआधी एवढं विचारा: दोन्ही बाटल्यांना वागणूक सारखीच मिळाली होती का?