यजमानांच्या हाताला हात

चौकटीतल्या त्या कागदातून रवींद्रला मुख्यतः मित्राची, सिद्धेशची जिरवायची होती. सिद्धेशचं घर कोरं करकरीत, दुमजली. रवींद्रनं कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये घेतलेलं एकमजली, त्यात बाथरूमला गुलाबी फरशा. पण खरेदीच्या कागदांच्या गठ्ठ्यात त्याला या घराचं १९४१ सालचं पहिलं खरेदीखत सापडलं आणि डोळे चमकले. सिद्धेशकडे जकूझी असेल, इतिहास आहे का? वास्तुशांतीला येणाऱ्या चाळिसांपैकी निम्म्यांनी जरी "वा, हेरिटेज!" म्हटलं, तरी गुलाबी फरशा वसूल.

त्यानं कागद फ्रेम करून चौरंगावर गणपतीशेजारी मांडला, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. वाचला मात्र नाही. आपल्याकडे कागद वाचत नाहीत, पुजतात.

आठवडाभर सॉफ्टवेअर तपासणारे आणि शनिवारी सोवळं नेसणारे प्रसादगुरुजी संकल्पाशी आले. "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा."

शैलजानं लावला. तेवढ्यात त्यांची नववीतली मुलगी रुही फ्रेमपुढे उकिडवी बसली.

"बाबा, डिड यू ईव्हन रीड धिस?"

"नंतर गं, सोन्या."

"नो, लिसन. यात लिहिलंय, गोऱ्यांशिवाय कोणी या घरात राहायचं नाही. फक्त गोऱ्या मालकाचे नोकर असतील तर चालतील."

सिद्धेशनं वाकून फ्रेममध्ये डोकावलं.

"रव्या," सिद्धेश म्हणाला, "ज्याला कुंकू लावलंस तोच तुला बाहेर काढतोय यार!"

सगळं घर हसून फुटलं. समोरच्या घरातली अठ्ठ्याहत्तर वर्षांची अर्लीन, त्या गल्लीतली एकमेव कृष्णवर्णीय शेजारीण, रुहीनं इंग्रजीत सांगताच पिवळी टोपी सावरत एवढी हसली की खुर्ची करकरली.

"अरे, ते कलम केव्हाच मेलं," रवींद्र लाल होत म्हणाला. "त्याला आता काही अर्थ नाही."

"ते मेलं," शैलजा म्हणाली. "आणि माझं?"

"तुझं काय?"

"मार्चमध्ये मी पोळ्या लाटताना सही घेतलीस, तो कागद. घरावर माझा हक्क नाही असं लिहिलेला. म्हणालास, लोन फास्ट होईल, नाव नंतर घालू. मीही तेव्हा वाचला नव्हता. तो जिवंत आहे ना?"

आणि तिनं हात काढून घेतला.

"वहिनी, हात," गुरुजी म्हणाले.

"कशाला? घर यांचं, वास्तू यांची. शांतही यांचीच होऊ दे."

गुरुजींनी पोथी पाहिली, मग फोन पाहिला. "पत्नी शेजारी बसलेली असताना एकट्याचा संकल्प मी नाही सांगणार, दादा. आणि मुहूर्त अकरा चाळीसपर्यंत आहे."

अकरा पंचवीस झाले होते. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास आला.

"देऊ नकोस गं हात!" मृणालिनीमावशी मागून ओरडल्या. बायकांत खसखस पिकली. तीन नवऱ्यांना एकदम गाडी नीट पार्क केली की नाही याची आठवण झाली.

"रव्या, घाल ना नाव, भूक लागलीये," सिद्धेश म्हणाला.

"तू बोलू नकोस," त्याची बायको हिमानी म्हणाली. "घरी गेल्यावर आपलेही कागद काढ."

सिद्धेशचं तोंड असं उतरलं की रवींद्रला हसूच आलं. एवढ्यासाठीच तर फ्रेम केली होती!

"सोमवारी नाव घालायला कौंटी ऑफिसात जातो," तो म्हणाला.

"आत्ता लिही," शैलजा म्हणाली.

प्रिंटर अजून खोक्यात होता. शेवटी कागदी प्लेटवर लिहिलं: निम्मं घर शैलजाचं, सोमवारी अर्ज. साक्षीदार म्हणून गुरुजींनी सही केली, रुहीनं फोटो काढला. अकरा सदतीसला हाताला हात लागला.

जेवताना अर्लीननं रुहीकडून बाकीचंही सगळं समजून घेतलं, आणि मग फ्रेम चष्म्याजवळ नेऊन शेवटपर्यंत वाचली.

"माझे वडील नेव्हीतून सुटल्यावर याच गल्लीत घर बघायला आले होते," ती म्हणाली. "नवा कोट घालून. विकणाऱ्यानं त्यांना 'विकलं गेलं' म्हणून सांगितलं. विक्रीची पाटी पुढे आठ महिने तशीच होती." मग ताट पुढे केलं. "आणखी एक पुरणपोळी वाढ. तूप जास्त."

हिशेब असा लागला. सिद्धेशची जिरली, ती फुकटात. रवींद्रचं निम्मं घर गेलं, पण ते त्याचं एकट्याचं कधी नव्हतंच. शैलजाला तिचंच परत मिळालं. पूर्ण किंमत मोजली ती नवा कोट घातलेल्या त्या माणसानं, आणि त्याला घर मिळालं नाही.